परक्याची गाडी, आपला रस्ता

स्वतःच्या गाडीत बसलेला माणूस आणि भाड्याच्या गाडीत बसलेला माणूस ही एकाच देहातली दोन निरनिराळी माणसे असतात. हे कळायला आम्हांला पन्नाशीचा उंबरठा गाठावा लागला, आणि त्यासाठी शिरूर-दौंडचा परिचित मुलूख सोडून जर्मनीतल्या रस्त्यांवर जावे लागले. प्रवासवर्णन लिहावे असा आमचा हेतू नाही. परदेशाची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली आहेत. आम्हांला जे सांगायचे आहे ते एका रस्त्याविषयी आहे, आणि तो रस्ता परदेशातला नाही.

धर्मगुरूचे आयुष्य देवळात जाते असा लोकांचा समज असतो. आमचे निम्मे तरी रस्त्यावर गेले. ज्या पेपल सेमिनरीत आमचे गुरुशिक्षण झाले ती पुण्यात नगर रस्त्यावरच आहे. त्याच रस्त्याने सरळ पुढे निघाले की वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव मागे टाकीत घोडनदीकाठचे शिरूर लागते. तेथून दौंडला यायचे तर आमची नेहमीची वाट ठरलेली : न्हावरे, पारगावजवळचा भीमेवरचा पूल, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव, चौफुला, पाटस आणि मग दौंड. दौंडकडे रेल्वेच्या आश्रयाने स्थिरावलेली जुनी कुटुंबे. शिरूरकडे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली, भाड्याच्या खोल्यांतून राहणारी नवी कुटुंबे. एका टोकाला सकाळची मिस्सा, दुसऱ्या टोकाला संध्याकाळचा घर-आशीर्वाद, मधेच कोठेतरी आजाऱ्याचा अभ्यंग. या धावपळीत गाडी चालवण्याचा आम्हांला सराव झाला, आणि सरावाबरोबर थोडा गर्वही. हिवाळ्यात उसाचा हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ऊसतोड्यांच्या बैलगाड्या, मागे दिवा नाही, बाजूला उसाची टोके बाहेर आलेली. अशा रस्त्यावरून रात्री सुखरूप घरी पोहोचणारा माणूस जगात कोठेही गाडी चालवू शकतो, असे आम्ही चारचौघांत म्हणत असू.

या बढाईची परीक्षा २०१८ साली जुलै महिन्यात झाली. आमचे एक वर्गबंधू जर्मनीतल्या म्यून्स्टर धर्मप्रांतात धर्मग्रामाची सेवा करतात. आता तिकडच्या धर्मगुरूंची संख्या रोडावली आहे. उन्हाळ्यात ते सुटीवर गेले की त्यांच्या जागी भारतातून धर्मगुरू जातात, आणि काही तर तेथे वर्षानुवर्षे राहतात. एके काळी ज्या देशाने आम्हांला मिशनरी पाठवले, त्याच देशात आमच्यातले काही आज वेदी सांभाळीत आहेत. वर्गबंधूंचा आग्रह होता, आमची एक महिन्याची रजा साठली होती, म्हणून आम्ही निघालो. जाण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याची पुस्तिका काढली. तिची मुदत एक वर्षाची. धर्मग्रामातल्या एका टेम्पोचालकाने आम्हांला निरोप देताना मोलाचा सल्ला दिला : “फादर, तिकडं सगळं उलटं असतं. काही सुचलं नाही, तर आपल्याला जे वाटतं त्याच्या उलट करा.” त्या वेळी आम्ही हसलो.

वर्गबंधूंच्या एका डोळ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि काही आठवडे गाडी चालवण्यास त्यांना मनाई होती. धर्मग्रामाच्या गाडीचा विमा त्यांच्यापुरताच. तेव्हा आठवडाभर फिरायचे तर गाडी भाड्याने घेणे आले. कचेरीत पारपत्र, परवाना, ती पुस्तिका, क्रेडिट कार्ड सर्व मागितले गेले. आमच्यापाशी क्रेडिट कार्ड नव्हते. मग गाडी वर्गबंधूंच्या नावावर आणि आमचे नाव जादा पैसे भरून दुसरा चालक म्हणून. अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवण्यात आली. गाडीला काही झाले तर विमा असूनही पहिल्या काही शे युरोंचा भार आपल्यावर, हे आम्हांला दोनदा समजावून सांगण्यात आले. मग तेथल्या तरुणाने एक कागद पुढे केला. त्यावर गाडीची आकृती छापलेली होती. आधीचे ओरखडे त्यावर खुणा करून दाखवायचे. परत आणल्यावर खुणांपलीकडचा प्रत्येक ओरखडा आपल्या खाती.

आम्ही त्या गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. वाकून, गुडघे टेकून पाहिले. मागच्या दारापाशी नखाएवढा एक ओरखडा सापडला, तो लिहून घ्यायला लावला. दौंडला उभ्या असलेल्या आमच्या स्वतःच्या गाडीवर किती पोचे आहेत हे आम्हांलाही ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवसाची फजिती थोडक्यात सांगतो. सुकाणू डावीकडे, गियर उजवीकडे. डावा हात सवयीने गियर शोधायला जाई आणि दारावर आपटे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वळण्याचा इशारा देणारी दांडी सुकाणूच्या उजव्या अंगाला, तेथे ती डाव्या अंगाला. परिणामी प्रत्येक वळणावर, लख्ख उन्हात, आमच्या गाडीचे वायपर नाचू लागत. गावात ताशी पन्नास किलोमीटरची मर्यादा, गल्ल्यांतून बऱ्याच ठिकाणी तीस. जेथे फलक नाही तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. उजवीकडे वळायचे तर सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आधी जाऊ द्यायचे. आणि म्यून्स्टर हे तर सायकलींचे माहेरघर. पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचे याचा हिशेब वर्गबंधूंनी सांगितला : वेगाच्या निम्मे मीटर. ताशी शंभरचा वेग असेल तर पन्नास मीटर मोकळे. आमच्याकडे तेवढ्या जागेत दोन मोटारसायकली, एक रिक्षा आणि एक म्हैस सहज मावते, असे आम्ही म्हणालो. वर्गबंधू हसले नाहीत. “येथे ती जागा रिकामी नसते. ती पुढच्या माणसाच्या जिवाची असते,” ते म्हणाले.

दोन दिवसांत हात बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी, एका लहानशा गावात पेट्रोल भरून आम्ही बाहेर पडलो. रस्ता पूर्ण मोकळा, दोहो बाजूंना मक्याची शेते, ऊन कोवळे. आम्ही गुणगुणत शे-दीडशे मीटर गेलो असू. समोरून एक वृद्ध बाई सायकलवरून येत होत्या. त्या थांबल्या, खाली उतरल्या आणि त्यांनी तळहात उंचावला. तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले, की आम्ही रस्त्याच्या डाव्या बाजूने, थेट त्यांच्या अंगावर चाललो आहोत. आम्ही करकचून ब्रेक दाबला. त्या खिडकीपाशी आल्या. आता बोलणी खावी लागणार म्हणून आम्ही मान खाली घातली. त्यांनी शांतपणे काही विचारले आणि वर्गबंधूंनी उत्तर दिले. त्या गेल्यावर त्यांनी सांगितले : “त्या विचारीत होत्या, तुमच्या मित्राला बरे वाटत नाही का?”

हा प्रसंग आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवला. वाहनांच्या गर्दीत आमची चूक झाली नव्हती. तेथे इतरांकडे पाहून आपोआप नियम पाळला जाई. चूक झाली ती रस्ता ओस असताना, पाहणारे कोणी नसताना. अशा वेळी शिकलेले मागे पडते आणि जुनी सवय वर येते. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना सद्गुण म्हणजे अंगवळणी पडलेली चांगली सवय, हे आम्ही घोकले होते. सवयीची खरी ओळख ओस रस्त्यावर पटते, हे मात्र आम्हांला त्या सायकलवाल्या आजीबाईंनी शिकवले.

पुढच्या दिवशी कोलोनचे कॅथीड्रल पाहून आम्ही ए-३ या महामार्गाने उत्तरेकडे परतत होतो. या महामार्गांवर पुष्कळ ठिकाणी वेगाला बंधन नाही. १३० चा वेग केवळ सुचवलेला आहे. आम्ही शंभराच्या आसपास, उजव्या कडेच्या मार्गिकेतून भाविकपणे चाललो होतो. ओबरहाउझेनच्या अलीकडे पुढच्या गाड्यांचे लाल दिवे पेटू लागले, वेग मंदावला, आणि पाहता पाहता रांगा थबकल्या. आणि मग आम्ही एक नवल पाहिले. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी मधे घुसले नाही. गाड्या उभ्या राहता राहता सरकू लागल्या. सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतल्या गाड्या डाव्या कडेला टेकल्या, बाकीच्या उजवीकडे. “अरे, उजवीकडे घे, आणखी उजवीकडे,” वर्गबंधू म्हणाले. अपघात पुढे नेमका कोठे झाला होता हे कोणालाच दिसत नव्हते. रुग्णवाहिकेचा भोंगाही अजून ऐकू येत नव्हता. तरीसुद्धा नजर पोहोचेल तेथवर, शेकडो गाड्यांच्या मधोमध, एक सरळ रिकामी वाट तयार झाली. मोशेने काठी उगारल्यावर तांबड्या समुद्रात वाट पडली ती अशीच असेल. थोड्या वेळाने त्या वाटेने एक रुग्णवाहिका आली आणि क्षणात दिसेनाशी झाली.

वर्गबंधूंनी मग त्यामागचा कायदा सांगितला. वाहने मुंगीच्या पावलांनी चालू लागली की जीवरक्षणाची ही वाट मोकळी करणे तेथे बंधनकारक आहे. २०१७ पासून ती न करणाऱ्याला किमान २०० युरो दंड होतो. प्रत्येक गाडीत प्रथमोपचार पेटी, धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारे जाकीट असावेच लागते. प्रथमोपचाराचे शिक्षण घेतल्याशिवाय वाहन परवाना मिळत नाही. आणि अपघातात सापडलेल्याला शक्य असूनही मदत न करणे हा तेथे गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ते सहज बोलत होते. आम्ही सुकाणूवर हात ठेवून बसलो होतो, आणि आमच्या डोळ्यांसमोर ए-३ महामार्ग नव्हता. न्हावरे आणि पारगाव यांच्यामधला अंधारा रस्ता होता.

ती जानेवारी २०१६ मधली रात्र. शिरूरला एका घराचा आशीर्वाद आणि जेवण आटोपून आम्ही एकटेच दौंडला परतत होतो. साडेदहा वाजून गेले असतील. न्हावरे मागे पडले, रस्त्याला चिटपाखरू नाही. अचानक दिव्यांच्या झोतात उसाची उभी ट्रॉली दिसली. तिच्या मागे एक मोटारसायकल आडवी पडलेली, तिच्याजवळ एक माणूस पडलेला. दोघेजण हात हलवून थांबायला सांगत होते. आम्ही वेग कमी केला. त्या चार-पाच क्षणांत मनात काय काय आले ते आजही जसेच्या तसे आठवते. हे लुटारू तर नसतील? थांबलो तर पोलीस, पंचनामा, जबाब, दवाखान्यातले प्रश्न. सकाळी साडेसहाला मिस्सा आहे. शिवाय येथे दोघेजण आहेतच. आम्ही खिडकीची काचही खाली केली नाही. क्रुसाची खूण केली, ‘नमो मरिया’ म्हटली आणि पुढे गेलो. रस्ता ओस होता, पाहणारे कोणी नव्हते, आणि आमची सवय वर आली होती.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. चोवीस वर्षांचा तरुण, उपचारापूर्वीच मृत्यू. आम्ही त्याच्यासाठी एक मिस्सा अर्पण केली आणि विषय मिटवला. कोणाजवळ बोललो नाही. पापनिवेदनातही सांगितले नाही, कारण आम्ही त्याला पाप म्हणून मोजलेच नव्हते. आम्ही त्याला धक्का दिला नव्हता, त्याचे काही हिरावले नव्हते. आम्ही काहीच केले नव्हते.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवरचा दाखला आम्ही आयुष्यात किती वेळा वाचला आणि समजावून सांगितला असेल! जखमी पडलेल्याला पाहून पहिला जो बगल देऊन गेला तो कोण होता? याजक होता. प्रवचनात आम्ही त्याच्यावर भरपूर तोंडसुख घेत असू. तो मंदिरातल्या शुद्धाशुद्धतेला भ्याला असेल असे विद्वत्तापूर्ण स्पष्टीकरणही देत असू. त्याला सकाळची मिस्सा होती, ही गोष्ट मात्र आमच्या कधी ध्यानात आली नव्हती.

त्या रात्री आम्ही बोखोल्टला मुक्काम केला. निरोप्याचे संस्थापक फादर हेन्री डोरिंग यांचे हे जन्मगाव. १८५९ साली ते येथे जन्मले, येशूसंघीय झाले, आमच्या मुलखात आले, राहुरी तालुक्यातल्या केंदळ येथे राहून त्यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले, आणि १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. पुढे १९२१ साली त्यांना जपानमधील हिरोशिमाला पाठवण्यात आले, तेथून १९२७ साली ते पुन्हा पुण्याला आले, आणि १९५१ साली येथेच त्यांनी देह ठेवला. मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात बोखोल्ट उद्ध्वस्त झाले होते; आज दिसते ते बहुतांशी नव्याने उभारलेले गाव आहे. तेथल्या संत जॉर्ज मंदिरात बसून आम्ही विचार करीत राहिलो. आम्ही त्यांच्या देशात आठ दिवसांचे नवशिके वाहनचालक होतो. ही मंडळी आमच्या देशात आली तेव्हा भाषा परकी, वाट परकी, रीत परकी. बैलगाडीच्या आणि घोड्याच्या वाटांवर त्यांना सर्वच उलटे वाटले असेल. तरी परक्या वाटेवर पडलेल्या माणसापाशी ते थांबले. दुष्काळात थांबले, प्लेगात थांबले. त्यांच्या थांबण्यातून आमची ख्रिस्तसभा उभी राहिली. आणि त्या सभेचा एक धर्मगुरू स्वतःच्या वाटेवर थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेसजवळच्या पुलावरून ऱ्हाइन नदी ओलांडून आम्ही केव्हलारला गेलो. दुःखितांची सांत्वनकर्ती म्हणून पवित्र मरियेचे हे तीर्थ १६४२ पासून प्रसिद्ध आहे. तेथे भव्य मूर्ती नाही. तळहाताएवढे एक कागदी चित्र आहे, आणि त्यापुढे शतकानुशतकांच्या मेणबत्त्या. आम्ही प्रार्थना केली, बाहेर आलो आणि वाहनतळावर त्या भाड्याच्या गाडीत बसलो. किल्ली लावली नाही. वर्गबंधूंना म्हटले, पापनिवेदन करायचे आहे. त्यांनी काही विचारले नाही. खिशातली जांभळी स्टोल काढून गळ्यात घातली. अडीच वर्षांनी ती रात्र प्रथमच मराठीत उच्चारली गेली.

मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या सत्कृत्यांचीही कबुली देतो. ते शब्द आम्ही हजारो वेळा म्हटले होते. त्या दिवशी त्यांचा अर्थ कळला. प्रायश्चित्त म्हणून वर्गबंधूंनी प्रार्थना सांगितली नाही. ते एवढेच म्हणाले : “त्याच्या घरी जा.”

गाडी परत केली तेव्हा त्याच तरुणाने तोच कागद हातात घेऊन तिच्याभोवती फेरी मारली. नखाएवढा जुना ओरखडा जागच्या जागी होता, नवा एकही नव्हता. अनामत मोकळी झाली. वर्गबंधूंनी पाठ थोपटली. आम्हांला मात्र वाटले, आठ दिवस आम्ही एका पत्र्याला जेवढे जपले, तेवढे आपल्या रस्त्यावरच्या एका माणसाला जपले नाही. गाडीचा हिशेब द्यायचा आहे हे आम्हांला क्षणभरही विसरायला होत नव्हते. माणसाचा हिशेब द्यायचा आहे, हे प्रवचनापुरते आठवत होते.

मायदेशी आल्यावर लगेच त्या घरी गेलो असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. दोन महिने आम्ही टाळाटाळ केली. शेवटी ऑक्टोबरात, शिरूरच्या एका गॅरेजवाल्या मित्राकडून पत्ता काढून, न्हावऱ्याच्या पलीकडची ती वस्ती गाठली. दोन खोल्यांचे घर, पुढे गोठा, भिंतीवर हार घातलेला फोटो. वडील शेतकरी. पायात पायताण न घालताच ते पुढे आले. आम्ही कोण, हे सांगितले. मग त्या रात्री आम्ही त्या रस्त्याने गेलो होतो आणि थांबलो नव्हतो, हे सांगितले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, “त्या रातीला लई गाड्या गेल्या म्हणत्यात. सांगाया कुणी आलं न्हाई.”

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि तिने विचारले, “तुमी बघितलं ना त्याला? काय बोलत व्हता का? पानी मागत व्हता का?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही काच खाली केली नव्हती. ती माउली आमच्याकडे दोष द्यायला आली नव्हती. अडीच वर्षे तिच्या मनात अडकलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मागायला आली होती. जो थांबत नाही त्याच्यापाशी कोणाच्याही आईला देण्यासारखे काही नसते. आम्ही मान हलवली. तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मग, आमच्या भागातल्या कोणत्याही घरात होते तसे, आत जाऊन चहा ठेवला. तो चहा घशाखाली उतरायला फार वेळ लागला.

आता थोडे रोखठोक. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरच्या अपघातांत मृत्युमुखी पडली. जर्मनीत त्याच वर्षी २,७८८. आपली लोकसंख्या त्यांच्या सुमारे सतरापट, आपले मृत्यू साठपट. रस्ते, वाहने, दवाखाने यांतला फरक आम्हांला कळतो, आणि तो आपण एका दिवसात मिटवू शकत नाही. परंतु थांबायला रस्ता रुंद असावा लागत नाही. मदत करणाऱ्याला नसता त्रास होऊ नये म्हणून मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक नियमांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, त्याला आपले नावही सांगण्याची सक्ती नाही. आमच्या त्या रात्रीनंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आत न्यायालयाचा तो निर्णय आला. तेव्हा कायदा नव्हता, असे आम्ही म्हणू शकतो. पण शोमरोन्याचा दाखला दोन हजार वर्षांपासून होता.

२००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरच्या पाळकीय सेवेसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. पहिली अर्थात खून न करण्याची. पुढे अपघातग्रस्ताला साहाय्य करावे, मृतांच्या कुटुंबांना आधार द्यावा, रस्त्यावर जो दुबळा त्याचे रक्षण करावे, अशा आज्ञा आहेत. योग्य वेळी दोषी चालक आणि पीडित यांना एकत्र आणावे, म्हणजे क्षमेचा मुक्त करणारा अनुभव त्यांना येईल, अशीही एक आहे. ती वाचली तेव्हा आम्हांला तो चहा आठवला.

आता आमच्या गाडीत प्रथमोपचार पेटी, विजेरी, त्रिकोण आणि एक घोंगडी असते. उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी धर्मग्रामातले तरुण ट्रॉल्यांच्या मागे लाल चमकत्या पट्ट्या चिकटवतात. ट्रॅक्टरवाले आधी कुरकुरतात, मग दुसरी ट्रॉली घेऊन येतात. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना गावाचे आणि जवळच्या खुणेचे नाव कसे सांगायचे, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांकडूनही म्हणवून घेतो. मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, आम्ही रस्त्यावर गेलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करतो. ते कोणत्या धर्माचे होते हे विचारीत नाही.

गेल्या हिवाळ्यात पाटसच्या अलीकडे, रात्री, मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण आमच्या दिव्यांत दिसला. पाय मोडला होता, डोक्यालाही मार होता. आम्ही गाडी बाजूला घेतली, त्रिकोण मांडला, १०८ ला दूरध्वनी केला, घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा हात धरून बसलो. नंतर दवाखान्यात त्याची आई धावत आली. मुलगा आत होता, डॉक्टर कोणाला सोडीत नव्हते. तिने आमचा हात घट्ट धरला आणि विचारले, “काय बोलत व्हता का हो?”

या वेळी आम्हांला सांगता आले : “हो, बोलत होता. आईला इतक्यात कळवू नका, ती घाबरेल, असे म्हणत होता.”

ती रडता रडता हसली. मुलगा बरा झाला, आता थोडा लंगडत चालतो. त्या रात्री दौंडला परतताना आम्हांला न्हावऱ्याच्या पलीकडची ती दुसरी आई आठवली. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कधीच देऊ शकणार नाही. परंतु हंगामात एकदा तरी त्या वस्तीवर जातो, गोठ्यापाशी बसतो, तिच्या हातचा चहा घेतो. ती आता विचारीत नाही. आम्ही निघालो की दारापर्यंत येते आणि म्हणते, “रात हाये, फादर. सावकाश जावा.”